आठ दिवस दार उघडू नका

मी एक जुना फ्रीज आहे आणि मला राग आलेला आहे.

मला माहीत आहे, मित्रांनो, जुन्या वस्तूंनी आपली गोष्ट हळू आवाजात सांगायची असते. मोडकी खुर्ची तशी सांगते, फाटकी छत्री तशी सांगते, आणि ऐकणारे "अरेरे" म्हणतात. माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका. माझ्या पोटात कॉम्प्रेसर आहे. मी घरघरूनच बोलणार. ज्याला झेपत नसेल त्याने खुशाल उठून जावं, फक्त जाताना दार नीट लावावं. दाराचंच तर सगळं रामायण आहे!

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्रा वाकवला, आत भिंतींत फोम भरला, मागे काळ्या नळ्यांची जाळी बसवली. शेवटी दार लागलं. ते तपासायला एक बाई होती. तिच्या हातात कोरे कागद असायचे. दाराच्या फटीत ती कागद धरायची, दार लावायची आणि कागद ओढायची. कागद सुटून आला तर त्या फ्रीजच्या दाराचं रबर सैल, फ्रीज नापास. माझ्या आधीचे तीन नापास झाले. माझ्या दारातला कागद तिने ओढला, जोर लावून ओढला, पाय टेकवून ओढला. तो टर्रकन फाटला, पण सुटला नाही.

"हा पठ्ठ्या सोडायचा नाही," ती म्हणाली आणि माझ्या पाठीवर शिक्का मारला.

मला मिळालेलं हे पहिलं कौतुक. लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

माझी पहिली नोकरी औषधांच्या दुकानात होती. अकरा वर्षं मी लहान बाळांच्या लसी सांभाळल्या. लसींना दोन ते आठ अंशांच्या मधे राहावं लागतं. जास्त नाही, कमी नाही. त्यासाठी माझ्या आत एक तबकडीचा थर्मामीटर चिकटवला होता. तो अजून आहे. त्याला एक काळा काटा आहे, तो आत्ताचं तापमान दाखवतो. शिवाय दोन जादा काटे आहेत. लाल काटा सगळ्यात वरच्या अंकावर जाऊन थांबतो, निळा सगळ्यात खालच्या. मधलं बटण दाबेपर्यंत ते तिथून हलत नाहीत. म्हणजे माझ्या पोटात काय काय घडून गेलं, ते लाल-निळ्याला सगळं ठाऊक. त्यांना खोटं बोलताच येत नाही. माणसांना येतं.

एका उन्हाळ्यात औषधवाला तीन दिवस फिरायला गेला आणि जाताना दुकानाचं मेन स्विच बंद करून गेला. सगळे दिवे बंद, पंखे बंद, आणि मीही बंद! मी दार घट्ट धरून ठेवलं. जेवढा गारवा होता तेवढा पोटाशी धरला. पहिला दिवस निभावला. दुसऱ्या दिवशी मला घाम फुटला. तिसऱ्या दिवशी लाल काटा एकतीसवर जाऊन बसला.

औषधवाला परत आला. त्याने काटा पाहिला, मेन स्विच लावलं, मी गार झाल्यावर इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि बटण दाबलं. लाल काटा गुणी बाळासारखा खाली आला. मग त्याने रोजच्या तापमानाच्या वहीत एकाच पेनाने, एका दमात लिहिलं: पाच, पाच, पाच.

पण लसीच्या बाटलीवर एक ठिपका असतो. उष्णता लागली की त्याचा रंग बदलतो. तपासणीला आलेल्या बाईंनी ते ठिपके पाहिले आणि सगळ्या बाटल्या बाद केल्या. औषधवाल्याने काय म्हणावं?

"काय सांगू मॅडम, फ्रीज जुना झालाय. दगा दिला मेल्याने."

दगा! मी! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही. अकरा वर्षं ज्याच्या पोटात हात घालून पाणी प्यायलास, त्याच्याविषयी बोलताना तुझी जीभ झडली कशी नाही? मी घरघरलो, थडथडलो. तो म्हणाला, "बघा, आवाजही करतोय!"

मला भंगारवाल्याकडे टाकलं. तिथे सात महिने उघड्या दाराने पडलो होतो. एक कोंबडी माझ्यात अंडी घालायची. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. अंडी घालून झाली की ती निमूट निघून जायची आणि माझ्यावर कसला आळ घ्यायची नाही.

तिथे मला वहिनी भेटली.

वहिनी मधमाश्या पाळायची. तिचं खरं नाव गल्लीत कुणी घेत नाही. तिचा धाकटा दीर दिवसभर इतक्या मोठ्याने "वहिनी, अहो वहिनी" करतो, की दूधवाल्यापासून शेजारच्या म्हातारीपर्यंत सगळ्यांची ती वहिनीच झाली. तिने माझं दार उघडलं, डोकं आत घातलं आणि नाक फेंदारलं. तिचं नाक म्हणजे नाक! मध कुठल्या फुलाचा, ते ती बाटलीचं बूच उघडताच सांगते.

"औषधाचा वास मारतोय," ती म्हणाली. "पण दार छान आहे."

घरी नेऊन तिने मला तीनदा सोड्याच्या पाण्याने धुतलं आणि दोन दिवस उन्हात उभं केलं. मग मागच्या खोलीत दीड हात उंच लाकडी चौथरा करून त्यावर मला बसवलं. अहो, सिंहासनच! घरातल्या दुधाच्या फ्रीजला असला मान नाही. तो स्वयंपाकघरात जमिनीवर उभा असतो.

चौथऱ्याचं कारण ऐका. वहिनी मधाची वाइन करते. ते मोठ्यांचं पेय आहे, मित्रांनो. तोंडं वाकडी करू नका, तुम्हाला कुणी विचारलेलं नाही. मध, पाणी आणि यीस्ट एका मोठ्या काचेच्या बुधल्यात घालायचं. यीस्ट मधातली साखर खातं आणि बुडबुडे सोडतं. बुधल्याच्या तोंडाशी एक वाकडी नळी लावतात, तिच्यात दोन चमचे पाणी असतं. आतली हवा त्या पाण्यातून बुडबुडत बाहेर पडते, पण बाहेरची आत शिरत नाही. आमच्या घरात तिला "बुडबुडी" म्हणतात. दीड-दोन महिन्यांनी बुडबुडे थांबतात. यीस्टचं पोट भरलेलं असतं. पण ते सगळीकडे तरंगत असतं, म्हणून वाइन गढूळ दिसते, तांदळाच्या पेजेसारखी.

तेव्हा माझं काम सुरू होतं. वहिनी बुडबुडी काढते, घट्ट बूच लावते, बुधला माझ्यात ठेवते, माझी थंडी कमी-जास्त करायची फिरकी तीनवर लावते आणि काळा काटा दोन अंशांवर आला की थर्मामीटरचं बटण दाबते. मग आठ दिवस दार उघडायचं नाही.

"थंडीत यीस्टला झोप लागते," ती म्हणते. "झोपलं की ते तळाशी जातं. झोपलेल्याला हलवायचं नाही. बस, एवढंच शास्त्र."

तळाशी बसतो तो साका. वर राहते ती निवळ वाइन. ती रबरी नळीने खाली ठेवलेल्या दुसऱ्या बुधल्यात उतरवायची. बुधला उचलून टेबलावर ठेवायला गेलं तर तेवढ्या हिसक्याने साका पुन्हा उसळतो, आठ दिवस पाण्यात! म्हणून वहिनीने बुधल्याऐवजी मलाच वर ठेवलं. बुधला माझ्यातून हलवायचाच नाही, दार उघडून आहे तिथूनच नळी सोडायची. ही युक्ती मी दुसऱ्या कुणाच्या घरी ऐकलेली नाही. तीन वर्षं आम्ही दोघांनी असं काम केलं. तिची वाइन अशी निवळायची की बुधल्यामागे वर्तमानपत्र धरलं तर छोट्या जाहिरातीसुद्धा वाचता यायच्या.

आता भाऊजींकडे येतो. दात विचकत येतो.

भाऊजी म्हणजे तोच दीर. शिंपी आहे. पुढच्या खोलीत त्याचं मशीन. गळ्यात टेप, कानावर खडू, ओठांत दोन टाचण्या आणि टाचण्यांच्या मधून सल्ले. त्याला सगळं कळतं. पाऊस कधी थांबणार ते कळतं, डॉक्टरचं काय चुकलं ते कळतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. ह्याचा बैल रिकामा तर आहेच, वर तो दुसऱ्यांच्या शेतात फिरतो.

मागच्या वर्षी त्याने एक पराक्रम केला. बुधला भर जोरात बुडबुडत होता. ह्याला तो आवाज सहन होईना. ह्याने बुडबुडी काढली आणि घट्ट बूच ठोकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी धडाम्! बूच छताला, मध छताला, दोन शर्ट आणि एका गिऱ्हाइकाची पँट मधात. छतावरचा डाग अजून आहे. वहिनी तेव्हा त्याला म्हणाली होती, "भाऊजी, कोंडून मारायचं नसतं हो कुणाला. हवेला वाट ठेवायची." भाऊजींनी कान पकडले. तो धडा तो विसरला नाही. विसरला असता तर बरं झालं असतं.

ह्या वर्षी वहिनीला मधमाशी चावली. तशी ती शेकडो वेळा चावली होती, पण ह्या वेळी वहिनीचा गळा सुजला, ओठ निळे पडले आणि तिला दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, की शरीराने आता माशीशी वैर धरलंय. पुढचा डंख शेवटचा ठरेल.

सव्वीस वर्षांच्या माश्या! तिने पेट्या दुसऱ्या एका मधवालीला देऊन टाकल्या. टेम्पो आला तेव्हा ती माझ्याच खोलीत, बंद खिडकीच्या काचेमागे उभी होती. बाहेर जायचीसुद्धा चोरी. शेवटच्या पोळ्यांचा मध निघाला सात किलो. तो तिने विकला नाही, पोळीबरोबर खाल्ला नाही. त्याची एकच वाइन घातली, एकच बुधला. दोन महिन्यांनी बुडबुडे थांबले आणि तो माझ्यात आला.

तिचा नवरा जहाजावर आचारी आहे. पेट्यांची लाकडं त्यानेच तासली होती. तो तीन आठवड्यांनी कायमचा घरी येणार होता. "माश्या तर दाखवता येणार नाहीत," वहिनी मला म्हणाली. हो, मलाच. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. "हे तरी निवळ दाखवू त्यांना. सांभाळ रे बाबा."

सांभाळ म्हणाली. मला! मी दार असं ओढून घेतलं की विचारू नका.

त्याच संध्याकाळी तिच्या बहिणीच्या ऑपरेशनचा निरोप आला. तिला आठ दिवस जावं लागलं. निघताना तिने भाऊजीला माझ्यासमोर उभं केलं.

"भाऊजी, एकच सांगते. आठ दिवस दार उघडू नका."

"अहो वहिनी, मी काय लहान आहे का?"

"लहान असतात तर कडी लावून गेले असते."

ती गेली. तिची रिक्षा कोपऱ्यावर वळलीही नसेल, तोच भाऊजीने दार उघडलं.

का? तर बघायला! काय बघायला? झोपलेलं यीस्ट! मित्रांनो, तुमच्या उशाशी कोणी दर तासाला बॅटरी घेऊन "झोपलास का?" विचारलं तर तुम्ही काय कराल? दुसऱ्या दिवशी त्याने एका गिऱ्हाइकाला आणलं. तिसऱ्या दिवशी दोघांना. "या, या. आमच्या वहिनींचं शेवटचं मधाचं. असं कुठे बघायला मिळणार नाही!" अभिमान होता हो त्याला, मी खोटं बोलणार नाही. पण अभिमानाने दार सताड उघडं ठेवून तो दहा-दहा मिनिटं भाषण द्यायचा. वरून बुधला गर्रकन फिरवून दाखवायचा. आदल्या दिवशी बसलेला साका ढगासारखा वर यायचा. मी आत तापायचो, ठिबकायचो, घरघरायचो. तो गिऱ्हाइकाला सांगायचा, "जुना आहे. आवाज करतो."

चौथ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं, की वाइन काही निवळत नाहीये. मग त्याने माझी फिरकी तीनवरून सातवर नेली. जास्त थंड, जास्त लवकर! शिवणकामाला घाई केली तर टाका उसवतो, हे ह्याला कळतं. फ्रीजला घाई केली तर काय होतं, ते कळत नाही.

आणि मग त्याला ते घट्ट बूच दिसलं.

"अरे देवा," तो पुटपुटला. "वहिनी बूच लावून गेल्या! कोंडून मरेल ना बिचारं!"

त्याला छत आठवलं. पँट आठवली. धडा आठवला, फक्त कुठला धडा कुठे लावायचा ते आठवलं नाही. त्याने बूच काढलं आणि बुडबुडी बसवली. बुडबुडीत पाणी हवं. स्वयंपाकघर बारा पावलांवर होतं. पण ह्याच्या कमरेला फवाऱ्याची बाटली लटकलेली होती, इस्त्री करताना कपड्यांवर मारायची. त्यात खळीचं पाणी, आणि गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून सेंटचे चार थेंब. ह्याने तेच बुडबुडीत ओतलं.

ऐका आता. गरम डब्याला झाकण लावून ठेवलं की गार झाल्यावर ते आत ओढलं जातं, हे तुम्ही घरी पाहिलंच असेल. गार झालं की हवा आकसते. बुधल्यात तेच होतं. म्हणूनच वहिनी थंड करताना घट्ट बूच लावते. बुडबुडी लावली तर आकसणारी हवा तिच्यातलं पाणी गटकन आत ओढते. भाऊजी दार उघडायचा, बुधला तापायचा. दार लावायचा, बुधला गार व्हायचा आणि एक घोट आत! प्रत्येक दर्शनाला एक घोट.

"पाणी गेलं कुठे?" भाऊजी डोकं खाजवत म्हणायचा. "हा फ्रीज पितो की काय?"

आणि पुन्हा भरायचा.

मी ओरडलो. तुम्हाला काय वाटतं, मी गप्प बसलो? पण फ्रीजच्या ओरडण्याला माणसं "कॉम्प्रेसर" म्हणतात.

नवव्या दिवशी सकाळी वहिनी यायच्या आधी त्याने फिरकी तीनवर आणली, बूच परत लावलं आणि बुडबुडी माझ्या भाजीच्या खणात, अगदी मागे सारून ठेवली. बघा हं. चुकून केलेलं माणूस लपवत नाही. त्याला कुठेतरी कळलं होतं.

वहिनी आली. हात धुतले, नळी उकळली, खाली रिकामा बुधला मांडला, दार उघडलं. काळा काटा दोनवर. लाल-निळ्याकडे तिने पाहिलंच नाही, कारण बुधल्यात ढग. तिने एक पेलाभर वाइन काढली आणि नाकाशी नेली.

तिचा चेहरा मी पाहिला. टेम्पो गेला त्या दिवशी काचेमागे होता, तोच चेहरा.

"कसलातरी वास येतोय," ती म्हणाली. "सेंटसारखा. औषधासारखा." मग ती माझ्याकडे वळली. "ह्याचाच. औषधाच्या दुकानातला आहे ना. गेला नाही तो वास. आत मुरलेला होता."

भाऊजी दारात उभा होता. ओठांत टाचण्या. त्याने मान डोलावली.

मान डोलावली, मित्रांनो! नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगण बिचारं बोलू शकत नाही! तीन वर्षं मी तुमची वाइन निवळली. तेव्हा औषध कुठे होतं? औषधवाल्याने बटण दाबलं, ह्याने मान डोलावली. मला त्या क्षणी हात असते तर त्याच टेपने त्याच्या जिभेचं माप घेतलं असतं.

वहिनी स्टुलावर बसली. रडली नाही. पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "फ्रीजवालीला बोलवा. घेऊन जाऊ दे भंगारात. मला हा डोळ्यांसमोर नको."

मला कोंबडी आठवली.

फ्रीजवाली दुपारी आली. खांद्याला गॅसचं नळकांडं, खिशात नट पिळायचे पाने. फ्रीज दुरुस्त करणारी ती गावातली एकटीच, आणि जिभेला तिच्या पान्यापेक्षा जास्त धार.

"काय झालंय ह्याला? बंद पडला?"

"बंद नाही पडला," वहिनी म्हणाली. "वास मारतो."

"ताई, वास मारणाऱ्याला कोणी भंगारात घालत नाही. अंघोळ घालतात." तिने माझ्या दाराचं रबर बोटाने दाबून पाहिलं. "एक कागद आहे का हो?"

भाऊजी लगबगीने शर्टाच्या मापाचा खाकी कागद घेऊन आला. तिने तो दारात धरला, दार लावलं आणि ओढला. टर्रकन फाटला. सुटला नाही.

पठ्ठ्या सोडायचा नाही! आठवतंय ना?

"दार नव्यासारखं आहे," फ्रीजवाली म्हणाली. मग ती वाकली आणि तबकडीकडे बघत राहिली. मी श्वास धरला. बटण दाबू नकोस, बाई. तुझ्या पाया पडतो, बटण दाबू नकोस.

"हे बटण शेवटचं कधी दाबलंत?"

"बुधला ठेवला त्या दिवशी. काळा काटा खाली येईपर्यंत थांबून दाबते, दर वेळी."

"मग हे बघा. लाल काटा सोळावर, निळा उणे दोनवर. म्हणजे आठ दिवसांत हा तापलाही आणि गोठलाही." ती उभी राहिली. "ताई, फ्रीज बिघडला तर एक काहीतरी करतो. तापेल, नाहीतर गोठेल. दोन्ही करायला माणूस लागतो."

वहिनीने मान वळवून भाऊजीकडे पाहिलं. मी फक्त थोडा घरघरलो. तेवढा माझा हक्क होता.

फ्रीजवालीने भाजीचा खण ओढला, मागे हात घातला आणि बुडबुडी बाहेर काढली. तळाशी दोन पांढुरके थेंब होते. तिने हुंगलं आणि हसायलाच लागली. "अगं बाई! हा तर आमच्या ह्यांच्या शर्टाचा वास. तुमच्याकडेच शिवला होता ना, मास्तर?"

भाऊजीच्या ओठांतल्या टाचण्या खाली पडल्या.

"वहिनी, मी चांगल्यासाठीच केलं हो. तुम्ही बूच लावून गेला होतात. तुम्हीच म्हणाला होतात, हवेला वाट ठेवा!"

"ते बुडबुडत असताना, भाऊजी! बुडबुडत असताना! आता ते निजलं होतं!"

"मला वाटलं, फुटेल."

"वाटलं तर फोन करायचा होता. खळ ओतली तुम्ही! माझ्या माश्यांच्या मधात खळ!"

"चूक झाली माझी."

"चुकीबद्दल माझं काही म्हणणं नाही." वहिनीचा आवाज एकदम खाली आला, आणि तो ओरडण्यापेक्षा वाईट होता. "चुका मीही केल्यात. पण मी औषधाचा वास म्हणाले, तेव्हा तुम्ही मान डोलावलीत. हा मुका. ह्याला बोलता येत नाही. हा भंगारात गेला असता आणि तुम्ही पुढच्या खोलीत काजं करत बसला असतात. जेवला असतात हो तुम्ही आज? घास उतरला असता?"

भाऊजीने खाली बसून टाचण्या वेचायला घेतल्या. दोनच होत्या, पण त्याला बराच वेळ लागला.

फ्रीजवाली माझ्या पाठीमागची धूळ झटकून निघून गेली. बुधला जागेवरच राहिला. घट्ट बूच लागलं, बटण दाबलं गेलं. वहिनीने माझी तीनवर लावलेली फिरकी चक्क उपसून काढली आणि आपल्या किल्ल्यांच्या जुडग्यात ओवली. तिच्याशिवाय मला आता कुणी तापवू शकत नाही की गोठवू शकत नाही. आठ दिवस दार उघडलं गेलं नाही. मी जीव लावून काम केलं. वहिनीसाठी केलं आणि त्या माश्यांसाठी केलं. भाऊजीसाठी नाही, हे लिहून ठेवा.

नवव्या दिवशी दार उघडलं. साका तळाशी बसला होता, खळीसकट, पांढरा आणि घट्ट. वर सोनं. वहिनीने मागे वर्तमानपत्र धरलं. छोट्या जाहिराती वाचता आल्या.

आता नळी. नळीचं टोक साक्याच्या दोन बोटं वर धरून ठेवावं लागतं, बुधला रिकामा होईपर्यंत, हात न हलवता. वहिनीने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. तो थरथरत होता. माशीच्या त्या डंखापासून थरथरतोच. मग तिने न वळता हाक मारली.

"भाऊजी. सुई ओवता ना? इकडे या."

तो आला. पंधरा मिनिटं नळी धरून उभा राहिला. एक शब्द नाही, एक सल्ला नाही. कपाळावरचा घाम नाकावरून ओघळला तरी त्याने पुसला नाही. साक्याचा एक कणसुद्धा उठला नाही. मला कबूल करावं लागतंय आणि त्याचाही मला रागच येतोय.

बाटल्या भरल्या गेल्या. वास पूर्ण गेला नाही. पेला नाकाशी नेला की शेवटी, अगदी पुसट, इस्त्रीच्या शर्टासारखं काहीतरी येतं. तो मध पुन्हा मिळणार नाही, आणि तो वास आता त्यातून कधीच काढता येणार नाही. जहाजावरचा नवरा घरी आला. त्याने पहिला घोट घेतला, डोळे मिटले, दुसरा घोट घेतला. मग धाकट्या भावाकडे बघून म्हणाला, "तू ह्यात रुमाल धुतलास का रे?"

सगळे हसले. वहिनीसुद्धा हसली, मग पदराने डोळे पुसत मागच्या खोलीत आली आणि माझ्या दारावर हात ठेवला. "चुकले रे मी," ती म्हणाली. भाऊजी मला काहीच म्हणाला नाही. फ्रीजची माफी मागायची असते, हे त्याला माहीतच नाही.

तर मित्रांनो, तुमच्या घरी एखादी वस्तू बिघडली, की तिला लाथ घालण्याआधी शेवटचा हात तिला कुणाचा लागला ते विचारा. आणि तो हात तुमचा असेल, तर मान डोलावू नका. सांगून टाका. आम्हाला बोलता येत नाही. आमच्या वतीने तुम्हालाच बोलावं लागतं.

माझा राग गेला का, असं विचारू नका. गेलेला नाही. तो फक्त तळाशी बसलाय, साक्यासारखा. वरून तुम्हाला मी निवळ दिसतो. तेवढ्यासाठी सांगतो, दार हळू लावा. हिसका बसला तर सगळा वर येईल.